कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की आम्हाला शिपच आठवते

संपादक साहेब, नमस्कार.

गणेश चवथीच्या तोंडावर तुमच्या पेपराची पहिली चार पानं जाहिरातीचीच असतात याची आता सवय झालीय, बातमी शोधायला पाचव्या पानावर जावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही, पेपर चालायला पैसे लागतात. पण परवा "आज शून्य रुपये भरा, नवा स्मार्टफोन घरी न्या" असं अर्ध्या पानाएवढं छापलं होतं आणि त्या शून्याच्या डोक्यावर एक चांदणी होती, आणि त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी इतक्या मुंगीएवढ्या टायपात होता की मी दुकानातलं भिंग काढून वाचायला बसलो तरी अर्धाच कळला. म्हणून हे पत्र.

आधी माझं सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल की मी कुठल्या बाजूने बोलतोय. गोव्यात साखळीच्या बाजारात माझं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे, २००६ पासून मी रिचार्ज मारतो. आधी खरवडायची कुपनं होती, मग ई-टॉपअप आला, आता पोरं घरात खाटेवर पडून यूपीआयने स्वतःच मारतात, त्यामुळे रिचार्जमध्ये माझं काही फार राहिलेलं नाही, शंभराला दोन-तीन रुपये मिळतात तेवढेच. हल्ली माझ्याकडे रिचार्जला येतात ते म्हातारे लोक आणि बांधकामावरचे कामगार. म्हणजे प्रीपेडची बाजू घेतो म्हणून कुणी माझ्यावर धंद्याचा आरोप करू नये, त्या धंद्यातून सकाळच्या पावाचे पैसे पण सुटत नाहीत.

विषय घरातूनच निघाला. माझी ताई वाळपईला असते, तिचा फोन पाच वर्षांचा, व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगचे फोटो येऊन येऊन स्टोरेज फुल, बँकेचं अ‍ॅप अपडेट होत नाही, चार्जर वाकडा धरून बसावं लागतं. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इंग्लंडात स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर गेला, आपल्या गोव्यातली किती पोरं तिथे आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. तर तो व्हिडीओ कॉलवर म्हणतो, मामा, आईला नवा फोन कॉन्ट्रॅक्टवर घेऊन दे, महिन्याला थोडे थोडे जातील, तिला जड वाटणार नाही. मी म्हटलं बाबा, आमच्याकडे कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की शिप. सत्तरी तालुक्यात असो की सासष्टीत, "अमका कॉन्ट्रॅक्टवर गेला" म्हणजे तारवटी, शिपवरचा खलाशी झाला, नऊ महिने घरी नाही. फोनचा कॉन्ट्रॅक्ट कसला? त्याला पटेचना. "असं कसं मामा, इथे तर सगळेच कॉन्ट्रॅक्टवर घेतात."

मग त्याने समजावून सांगितलं. तिकडे दोन वाटा. एक पे अ‍ॅज यू गो, म्हणजे आपला प्रीपेड, टॉपअप मारा, वापरा, संपलं की परत मारा. दुसरी कॉन्ट्रॅक्ट, फोन, कॉल, डेटा सगळं एकाच मासिक बिलात, बहुतेक वेळा २४ महिने बांधून. गंमत म्हणजे हा तिकडे गेला तेव्हा पहिले कित्येक महिने त्याला कुणी कॉन्ट्रॅक्ट दिलाच नव्हता, कारण तिकडच्या क्रेडिट रेकॉर्डमध्ये त्याचं नावच नाही, मग हा पे अ‍ॅज यू गो वर होता. नंतर कॉन्ट्रॅक्ट मिळाला तेव्हा मोठी पायरी चढल्यासारखं त्याने आम्हाला फोटो पाठवून कळवलं होतं.

मी विचारलं, महिन्याला किती? म्हणाला ३५ पौंड. २४ महिन्यांचे ८४०. मग विचारलं, त्यातले फोनचे किती आणि सिमचे किती? गप्प. बरं, नुसतं सिम घेतलं असतं तर? तेवढाच डेटा १० पौंडात मिळतो म्हणाला. म्हणजे सिमचे २४० गेले, उरलेले ६०० फोनचे. आणि तो फोन तेव्हा दुकानात रोख घेतला असता तर ४८० ला होता. १२० पौंड कशाचे? "मामा, तू वकील व्हायला पाहिजे होतास." मी वकील नाही रे, मी उधारीची वही ठेवणारा माणूस आहे, उधारीवर नेणाऱ्याला माल किती महाग पडतो ते मला पंचवीस पैशांच्या गोळीपासून माहीत आहे.

तरी एक कबूल करायला पाहिजे, तिकडे ग्राहकाच्या बाजूने कुणीतरी बसलेलं आहे. आपल्याकडे फोन कंपन्यांवर नजर ठेवायला ट्राय आहे, तशी त्यांची ऑफकॉम. डिसेंबर २०२१ पासून तिकडे कंपनीला दुसऱ्या कुणाचं सिम चालणार नाही असा लॉक केलेला फोन विकता येत नाही. फेब्रुवारी २०२० पासून, तुमची मुदत संपतेय हे कंपनीनेच तुम्हाला आधी कळवायला लागतं, कारण लोक काय करायचे, फोनचे पैसे फिटून गेले तरी विसरून तेच बिल भरत बसायचे. आणि मधेच महागाईच्या आकड्याप्रमाणे बिल वाढवायची जी पद्धत होती ती जानेवारी २०२५ पासून नव्या कॉन्ट्रॅक्टना बंद, वाढवणार असाल तर किती पौंड किती पेन्स ते सही करण्याआधी सांगा. भाच्याचा कॉन्ट्रॅक्ट त्याच्या आधीचा, त्याचं बिल एप्रिलमध्ये वाढलं आणि सोडायचं म्हटलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे एकदम द्या. बसला गुमान.

आता आपल्याकडे हे का रुजलं नाही, माझ्या दुकानातून मला जेवढं दिसलं तेवढं सांगतो. प्रयत्न झाला नाही असं नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन काढला होता, आठवत असेल तुम्हाला, तो सीडीएमए फोन होता, त्यात काढघाल करायचं सिमच नव्हतं. म्हणजे फोन आणि कंपनी एकाच दाव्याला बांधलेली, कंपनी सोडली की हातात राहिलं ते खेळणं. मग २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन इथे आला, ८ जीबीचा ३१,००० रुपयांना, तेव्हा लोक पेपरात वाचून ओरडत होते की अमेरिकेत तोच १९९ डॉलरला मिळतो, पण तिकडे दोन वर्षांचा कॉन्ट्रॅक्ट सही करूनच १९९, हे कुणी बघत नव्हतं. इथे लोकांनी काय केलं, फोन वेगळा घेतला, सिम वेगळं घेतलं. आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाल्यावर तर कोण कुणाला बांधून घेईल? १९०० वर एक मेसेज टाकला की झालं. मी स्वतः तीनदा पोर्ट मारलाय. जिओने २०१७ ला १,५०० रुपये डिपॉझिट घेऊन फोन दिला, तीन वर्षांनी परत करा आणि पैसे घ्या, तोही एका परीने कॉन्ट्रॅक्टच म्हणा, पण बटणाचा फोन होता, त्याच्यापायी कुणाची झोप उडाली नाही. आज पण देशातली शंभरातली नव्वदच्या आसपास कनेक्शनं प्रीपेडच आहेत.

आणि आपल्या गोव्याचं अजून एक कारण, नेटवर्क. फोन कंपन्यांच्या हिशेबात आपण महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, म्हणजे विभागात, म्हणून पूर्वी सावंतवाडीला गेलं तर रोमिंग नाही पण चोर्ला घाट चढून बेळगावच्या बाजूला उतरलं की स्क्रीनवर आर यायचा आणि पैसे कापायला सुरुवात, नुसता आलेला फोन उचलला तरी. ते गेलं एकदाचं. पण अजूनही सत्तरीत असे वाडे आहेत की एका कंपनीची रेंज अंगणात मिळते आणि दुसरीची माडाखाली, पावसात लाइट गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि दोन्ही जातात. म्हणून आमच्याकडे प्रत्येकाच्या फोनमध्ये दोन सिमं. घरी एक चालतं, कामावर दुसरं. अशा ठिकाणी दोन वर्षं एकाच कंपनीला बांधून घ्यायचं म्हणजे, जाऊ दे.

तर भाच्याला मी म्हटलं कॉन्ट्रॅक्ट आपल्याकडे नाही. पण ताईला घेऊन मोबाईलच्या दुकानात गेलो आणि मला माझेच शब्द गिळावे लागले. कॉन्ट्रॅक्ट आहे, फक्त तो कंपनीचा नाही, फायनान्सवाल्याचा आहे. दुकान कुठलं ते लिहीत नाही, सगळीकडे तेच चालतं. काउंटरवर पोरगा बसलेला, गळ्यात फायनान्सचं ओळखपत्र, ताईचं आधार घेतलं, पॅन घेतलं, फोटो काढला, आणि म्हणाला, "मावशी, नो कॉस्ट, व्याज नाही, २०,००० चा फोन, १० हप्ते २,००० चे." ताई खूष. मी विचारलं, रोख दिले तर? पोरगा इकडे तिकडे बघायला लागला, मग मालक आतून म्हणाला, रोख असेल तर साडेअठरा. बघा आता. आणि हप्त्यात पहिले दोन आजच भरायचे, वर ६०० रुपये फाइल चार्ज. जाहिरातीतला शून्य रुपयांवाला प्रकार कुठे म्हणून विचारलं तर तो निवडक कार्डांवर, निवडक मॉडेलना, चांदणी.

दुकानातच एका बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. रोख किंमत १८,५००. आज आपण देतो दोन हप्ते ४,००० आणि ६०० फाइलचे, मिळून ४,६००. म्हणजे खरंतर आपण उधार घेतो ते १३,९००. आणि परत करायचे आठ हप्ते, १६,०००. आठ महिन्यांत २,१०० जास्त. माझी मुलगी बीकॉमला आहे, तिने रात्री कॉम्प्युटरवर घालून सांगितलं, बाबा, हे वर्षाला जवळजवळ ३९ टक्के पडतं. ३९! पतसोसायटीकडून कर्ज घेतलं असतं तर याच्या अर्ध्याहून कमीत झालं असतं. आणि याला नाव नो कॉस्ट. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते व्याज फीच्या नाहीतर किमतीच्या पोटात लपवलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देताना सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते एका कागदावर गिऱ्हाइकाला द्यायचं बंधन पण आहे. पण त्यात रोख घेतला असता तर दीड हजार सुटले असते हे कुठे येणार? ती सूट दुकानदाराची, कर्ज फायनान्सवाल्याचं, कागदावर दोघेही सोवळे.

क्रेडिट कार्डवाल्यांचं थोडं वेगळं, तिथे बँक व्याज लावते आणि तेवढी सूट विकणारा आधीच देतो, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून, आणि वर प्रोसेसिंग फी, तिच्यावर परत जीएसटी. थोडेच असतात पण शून्य नसतात.

आणि हप्ता चुकला की? खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, म्हणजे ईसीएस, बाऊन्स, त्याचा दंड बँक पण घेते आणि फायनान्सवाला पण घेतो, सिबिल खाली. सिबिल म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, ३०० ते ९०० मध्ये मोजतात, एकदा घसरला की पुढे घराचं लोन मागायला गेल्यावर मॅनेजर तुम्हाला तो हप्त्यावरचा फोन दाखवतो. शिवाय बऱ्याच फायनान्सच्या फोनमध्ये एक अ‍ॅप आधीच टाकून द्यायचे, हप्ता थकला की फोन लॉक व्हायचा. आमच्या बाजारात एका टेम्पोवाल्याचा असा बंद पडला, भाडी सगळी फोनवर येणारी, तीन दिवस बिचारा दुसऱ्याच्या फोनवरून गिऱ्हाइकांना सांगत फिरत होता. फोन बंद म्हणून भाडं नाही, भाडं नाही म्हणून हप्ता नाही.

आता तारवट्यांचं, कारण कॉन्ट्रॅक्टवरून सुरू झालं ते तिथेच येतं. आमच्या वाड्यावरचा एक पोरगा शिपवर जाण्याआधी ऐटीत पोस्टपेड करून गेला, कार्डावर ऑटो-पे लावून. तिकडे असताना कार्डाची मुदत संपली, नवं कार्ड घरी आलं ते आईने कपाटात ठेवलं. बिल थकत गेलं, नंबर कापला, परत आला तर बँकेचा ओटीपी नाही, काही नाही, आणि न वापरलेल्या महिन्यांचं बिल समोर. दुसरा होता प्रीपेडवाला, त्याचा पण नंबर गेला, कारण ९० दिवस काहीच वापर नाही आणि बॅलन्स शून्य. खरंतर ट्रायचा नियम आहे की खात्यात किमान २० रुपये असतील तर २० कापून ३० दिवस नंबर पुढे चालू ठेवायचा, पण हे त्याला कोण सांगणार? शंभर-दीडशेचा टॉकटाइम टाकून गेला असता तर राहिला असता. आता मी शिपवर जाणारा कुणी दुकानात आला की पासपोर्टचे झेरॉक्स काढता काढता आधी तेवढं विचारतो.

प्रीपेड म्हणजे सगळं गोड असं मी म्हणणार नाही. २८ दिवसांचा महिना कुणी काढला तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे. वर्षाचे बारा महिने आणि रिचार्ज तेरा. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये हुकूम काढला, प्रत्येक कंपनीने निदान एक प्लान ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवायचाच. ठेवलाय. पण अ‍ॅप उघडलं की तो इतका खाली असतो की बोट दुखतं. मी स्वतः म्हाताऱ्यांना तारखेचाच मारून देतो, त्यांचं पेन्शन तारखेला येतं. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये मिळणारी आजी घ्या, तिला काय पाहिजे, दुबईच्या मुलाचा फोन यावा आणि बँकेचा मेसेज यावा. पूर्वी ९९९ भरून लाइफटाइम इनकमिंग देत होते, मग २०१८ मध्ये दर २८ दिवसांना किमान ३५ चा मारायलाच पाहिजे असं केलं, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीत एका मोठ्या कंपनीचा तोच खालचा रिचार्ज १९९ वर गेला. २,००० तले १९९! म्हणजे पेन्शनचा दहावा हिस्सा नुसता नंबर जिवंत ठेवायला. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने डेटा नको असेल त्यांना नुसता कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज द्यायलाच पाहिजे आणि तो ३६५ दिवसांपर्यंत देता येईल असं केलं, ते चांगलं झालं, पण एकदम वर्षाचे पैसे काढायचे म्हणजे आजीला परत चवथीच्या खर्चातूनच.

तरी पोस्टपेडशी तुलना केली तर बघा, त्याच दरवाढीनंतर ४४९ चा पोस्टपेड म्हणून सांगत होते, पण प्रीपेडच्या आकड्यात जीएसटी धरलेला असतो आणि पोस्टपेडच्या नसतो, १८ टक्के घातला की ५२९ रुपये ८२ पैसे, वर्षाचे जवळजवळ ६,३५८. १९९ चे तेरा म्हणजे २,५८७. डेटा कमी मिळतो हे खरं, पण ताईच्या घरी मुलाने लावून दिलेलं वायफाय आहे. ज्याला ऑफिस बिल देतं, ज्याच्या घरात चौघे एका प्लानवर आहेत, किंवा ज्याला वरचेवर बाहेरगावी जाऊन रोमिंग लागतं त्याने खुशाल पोस्टपेड घ्यावं. आणि हप्त्याचं पण तसंच, जेवण पोचवणारा पोरगा आहे, फोन नसेल तर त्याच दिवसापासून कमाई बंद, त्याला मी आधी पैसे साठव असं कुठल्या तोंडाने सांगू? त्याने घ्यावा हप्त्यावर, फक्त रोख किंमत विचारून घ्यावा.

माझं म्हणणं तेवढंच आहे. दुकानाच्या काचेवर दोन आकडे शेजारी शेजारी लावा, रोख घेतला तर इतके, हप्त्याने सगळे मिळून इतके, मराठीत किंवा कोंकणीत, आणि चांदणीशिवाय. ग्राहकांच्या भल्यासाठी जे सरकारी खातं आहे त्याने चवथीच्या आधी बाजारात एक फेरी मारावी, म्हापशात शुक्रवारच्या बाजारात मारली तरी चालेल, गर्दीत बरंच कळेल. आणि संपादक साहेब, तुम्हालाही एक, जाहिरात छापा, पैसे घ्या, पण तळाची ओळ निदान बातमीच्या टायपात तरी छापायला सांगा.

ताईने त्या दिवशी फोन घेतला नाही. भिशीचे पैसे यायचे होते, ते आले, थोडे भाच्याने पाठवले, पंधरा दिवसांनी तोच फोन रोख साडेअठराला घेतला, मालकाने कव्हर फुकट दिलं, काच लावायचे मात्र २०० घेतले. सिम जुनंच, प्रीपेड. भाच्याला कळवलं तर तो म्हणतो, मामा, माझे अजून सात महिने राहिलेत, संपले की मी पण नुसतं सिमच घेणार.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नका, माझ्या दुकानाच्या डाव्या हाताला मोबाईलचं दुकान आहे आणि आमचं पाण्याचं मीटर एकच आहे.

आपला,
एक रिचार्जवाला, साखळी